घरबसल्या पदवी

गेल्या जून महिन्यात आमच्या धर्मग्रामाच्या शिक्षण-साहाय्य समितीपुढे एक सूचना आली. यापुढे निधीतून केवळ ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमांनाच मदत द्यावी, कारण एका विद्यार्थ्याची कॉलेजची फी, रेल्वेचा पास आणि दुपारचे जेवण एवढ्या खर्चात तीन मुले घरी बसून पदवीधर होतील. सूचना मांडणारे गृहस्थ हिशेबात चोख आहेत आणि त्यांचा हेतू निर्मळ आहे. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा समाचार जाहीरपणे घेणे मला आवश्यक वाटते. लबाडाच्या सूचनेकडे कोणी लक्ष देत नाही. सज्जनाची सूचना मात्र चर्चेविना मंजूर होते.

त्यांच्या बाजूचे जे आहे ते आधी मान्य करतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवीला नेहमीच्या पदवीची बरोबरी दिली. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर २०१७ सालापासून नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात, आणि २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय विद्यार्थ्याला तेथून घेता येतात. आखातात रुग्णसेवा करणारी आई, दोन पाळ्यांत राबणारा बाप, शिक्षण अर्धवट सुटलेली सून यांच्या उंबरठ्याशी विद्यापीठ येत असेल, तर ते मी देवाचे देणेच मानीन. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून हेच कार्य केले आहे. माझा वाद या माणसांशी नाही. अठरा वर्षांच्या ज्या मुलाला वर्गात बसणे शक्य आहे, त्याला स्वस्ताईच्या नावाखाली घरी बसवण्याशी आहे.

वाचकहो, दूरस्थ शिक्षणाचे आद्य आचार्य आपले संत पौलच नव्हेत काय? करिंथ, फिलिप्पै, थेस्सलनीका येथे त्यांनी पत्रांतून शिकवले आणि ती पत्रे आजही आपल्याला शिकवतात. पण गलतीकरांना लिहिताना या थोर शिक्षकाचा धीर सुटतो. आपण आता तुमच्यापाशी असतो आणि आपला स्वर बदलता आला असता तर किती बरे झाले असते, अशी तळमळ ते व्यक्त करतात. ज्याने कधी वर्गात शिकवले आहे त्याला हे दुःख तत्काळ कळेल. समोरच्याच्या कपाळावरची आठी पाहून शिक्षक वाक्य अर्ध्यावर सोडतो, दुसरे उदाहरण घेतो, कधी आवाज चढवतो, कधी गप्प बसतो. मुद्रित व्याख्यानाला आठी दिसत नाही. सेमिनरीत असताना तत्त्वज्ञानाच्या तासाला मला काहीच उमगत नसे. एके दिवशी आमच्या वृद्ध प्राध्यापकांनी खडू खाली ठेवला आणि मला बागेत नेऊन तोच धडा पुन्हा सांगितला. मी काही विचारले नव्हते. त्यांनी माझा चेहरा वाचला होता.

संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८५२ साली डब्लिनमध्ये विद्यापीठाविषयी व्याख्याने दिली. निवास नाही, मार्गदर्शन नाही, केवळ परीक्षा घेऊन पदव्या वाटणारे विद्यापीठ, आणि प्राध्यापक व परीक्षा दोन्ही नसलेले, तरुणांना तीन-चार वर्षे केवळ एकत्र आणणारे विद्यापीठ, यांत निवड करायची झाली तर आपण दुसरे पत्करू, असे त्यांचे मत होते. अतिशयोक्ती वाटेल, पण आपले मुंबई विद्यापीठसुद्धा १८५७ साली लंडनच्या धर्तीवर परीक्षा घेणारी संस्था म्हणूनच जन्मले. विद्या दिली ती कॉलेजांनी. येशूसंघीयांनी १८६९ साली काढलेले झेवियर कॉलेज त्यांतलेच. आता कॉलेज वगळून परीक्षा तेवढी ठेवायची, असा हा प्रस्ताव आहे.

आणि अनुभव काय सांगतो? अमेरिकेत स्टॅनफर्डच्या एका ऑनलाइन वर्गात २०११ साली सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवले. शेवटापर्यंत पोहोचले सुमारे २३,०००. २०१३ साली सॅन होजे येथील सरकारी विद्यापीठाने गणितात कच्च्या मुलांवर हाच प्रयोग केला. उत्तीर्णांचे प्रमाण इतके घसरले की काही महिन्यांतच तो थांबवावा लागला. त्याच वर्षी तेथील तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी हार्वर्डच्या विख्यात प्राध्यापकांची चित्रित व्याख्याने आपल्या वर्गात लावण्यास जाहीर नकार दिला. श्रीमंतांच्या विद्यापीठांत जिवंत शिक्षक आणि गरिबांच्या विद्यापीठांत त्याचे चित्र, अशी विभागणी होईल, ही त्यांची भीती होती. ती विभागणी आता आमच्या समितीच्या टेबलावर आली आहे.

कारण अर्ज कोणाचे आले ते पाहा. एका गृहस्थांनी मुलाला कर्ज काढून शहरात इंजिनिअरिंगला धाडले. मुलीसाठी ऑनलाइन बी.कॉम.चा अर्ज आणला. "फादर, डिग्रीही मिळेल आणि घरात आईला हातभारही लागेल." मुलगी दाराशी उभी होती. बारावीला तिचे गुण भावापेक्षा अधिक आहेत. मी विचारले, मुलालाही घरीच का नाही शिकवले? ते हसले. इंजिनिअरिंग आणि नर्सिंग असे ऑनलाइन चालत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. हाताला काम शिकवायचे तर गुरू समोर हवा, मग विचार करायला शिकवताना का नको?

महासाथीच्या काळात आपण घरातल्या पडद्यावर मिस्सा पाहिली. पुढे २०२० साली रोमहून कार्डिनल सारा यांनी स्पष्ट कळवले की कोणतेही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाची जागा घेऊ शकत नाही, आणि व्यासपीठावरून मीही तेच ठणकावून सांगितले. वर्ग म्हणजे संस्कार नव्हे, ही तुलना ताणू नये हे मला कळते. तरीही देवळात या असे ज्यांना बजावले, त्यांच्या मुलांना कॉलेजात जाऊ नका असे सांगायला माझी जीभ वळत नाही.

समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षाच्या मताने सूचना फेटाळली गेली. अध्यक्ष मीच असल्याने यात मोठेपणा काही नाही. दोन सभासद आजही माझ्याशी मोजकेच बोलतात. मात्र ज्यांनी आधीच ऑनलाइन प्रवेश घेतला आहे त्यांच्यासाठी धर्मग्रामाचे सभागृह रोज संध्याकाळी सात ते नऊ उघडे राहील. निवृत्त झालेले दोन शिक्षक तेथे बसायला तयार आहेत.

त्या मुलीचा अर्ज अजून माझ्यापाशीच आहे. नियमाप्रमाणे त्यावर अर्जदाराची सही हवी; वडिलांनी स्वतःचीच करून दिली आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर मी तिला आईसह बोलावले आहे.