नवा कॉम्प्युटर, भरलेली मेमरी आणि आपला पैसा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही. त्यामुळे आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातही पतसंस्था, शाळा, सेवा केंद्रं, डीटीपीवाले अशा सगळ्यांकडे नवे डेस्कटॉप यायला लागले. आणि त्यांच्या मागोमाग एक तक्रारही आली. "मशीन नवं कोरं, अजून काही उघडलंही नाही, तरी मेमरी ५०-६० टक्के भरलेली दाखवतंय. दुकानदारानं फसवलं की काय?"

मित्रहो, या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंही आहे आणि 'थोडंसं हो' असंही आहे. आधी 'नाही' बघू.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. स्वयंपाक चालू असताना तेल, तिखट, मीठ, पीठ ओट्यावरच लागतं. दर फोडणीला माळ्यावर चढायचं म्हटलं तर जेवण रात्री बाराला होईल. रिकामा ओटा दिसायला छान, पण पैसे मोजले ते वापरण्यासाठीच ना! विंडोजही तेच करतं. मेमरी भरपूर असली की ते आणि त्यावरचे प्रोग्रॅम ऐसपैस बसतात. म्हणून ८ जीबीच्या मशीनवर साधारण साडेतीन-चार जीबीत भागवणारं विंडोज १६ जीबीच्या मशीनवर पाच-सहा जीबी घेताना दिसतं. यात बिघाड काही नाही.

टक्का बघून घाबरण्यापेक्षा हे करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' निवडा. तिथं 'अव्हेलेबल' असा आकडा असतो, तो खरा महत्त्वाचा. शेजारी 'कॅश्ड' म्हणून दोन-चार जीबी दिसतील. त्या पुन्हा लागतील म्हणून हाताशी ठेवलेल्या फायली. दुसऱ्या कामाला जागा लागली की विंडोज त्यातली जागा लगेच मोकळी करतं. त्याच पानावर 'हार्डवेअर रिझर्व्हड' दिसेल. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये स्क्रीनच्या कामासाठी थोडी मेमरी आधीच बाजूला काढलेली असते. ८ जीबी घेतले आणि ८ पेक्षा थोडे कमी दिसले, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

अव्हेलेबल दीड-दोन जीबी असेल आणि काम सुरळीत चालत असेल तर चहा घ्या आणि कामाला लागा. पण हा आकडा काही शे एमबीवर आला, डिस्कचा आलेख सतत चढलेला राहिला आणि एका क्लिकला अर्धा मिनिट लागायला लागलं, तर मात्र मेमरी खरोखर कमी पडतेय. ओट्यावर जागा उरली नाही, म्हणून मशीन दर मिनिटाला माळ्यावर चढउतार करतंय. अशा वेळी 'मेमरी क्लीनर' नावाची फुकट अॅप्स टाकू नका. ती सामान ढकलून माळ्यावर टाकतात, टक्का खाली येतो, आणि तेच सामान परत काढताना मशीन आणखी रखडतं. त्यापेक्षा टास्क मॅनेजरमधलं 'स्टार्टअप अॅप्स' उघडा. नव्या मशीनसोबत आलेला ट्रायल अँटिव्हायरस, कंपनीची दोन-चार मदतनीस अॅप्स, चॅटचं अॅप, ब्राउझरची आधीच जागी होणारी फौज असं बरंच काही तिथं सापडेल. जे लागत नाही ते 'डिसेबल' करा. खर्च शून्य.

आता 'थोडंसं हो' बघू.

२००१ च्या विंडोज एक्सपीला कमीत कमी ६४ एमबी रॅम लागायची. २०२१ च्या विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी लागते. वीस वर्षांत ६४ पट! या काळात सुरक्षितता वाढली, स्क्रीन मोठे झाले, व्हिडिओ आले, हे मान्य. पण प्रोग्रॅम बनवणाऱ्यांची काटकसरीची सवयही सुटली, हेही तितकंच खरं. आज कित्येक अॅप्स म्हणजे आतून एक अख्खा ब्राउझरच असतो. व्हॉट्सअॅपचं विंडोजवरचं अॅप २०२५ च्या शेवटी याच पद्धतीवर गेलं आणि पूर्वीपेक्षा जास्त मेमरी घ्यायला लागलं. कंपनीची मेहनत वाचली, रॅमचं बिल आपल्या माथी.

त्यात रॅमही महागली. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी आहे आणि जगात मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मुख्यतः तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. मोठ्या गिऱ्हाइकाकडे माल आधी जातो. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' या नावानं चालणारा सामान्य ग्राहकांसाठीचा धंदा बंद करण्याचं जाहीर केलं. "कमी पडली तर नंतर टाकू एक पट्टी" हे वाक्य आता पूर्वीइतकं स्वस्त राहिलेलं नाही.

म्हणूनच 'किमान ४ जीबी' हा शब्द मला खटकतो. किमान म्हणजे मशीन सुरू होईल एवढंच. सेवा केंद्रातल्या पोराच्या मशीनवर एका वेळी काय चालू असतं ते पाहा. ब्राउझरमध्ये तीन-चार सरकारी पोर्टल, स्कॅनर, पीडीएफ, अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस, आणि लोकांनी पाठवलेली कागदपत्रं घ्यायला व्हॉट्सअॅप. ४ जीबीत हे सगळं बसत नाही. मग पान अडकतं, ओटीपीची वेळ संपते, फॉर्म पहिल्यापासून भरावा लागतो. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या बाईचा रोज बुडतो आणि तिला सांगितलं जातं, "सर्व्हर डाऊन आहे." प्रत्येक वेळी सर्व्हर डाऊन नसतो हो. कधी कधी टेबलावरचं डबडंच दमलेलं असतं.

स्वतःच्या पैशानं घेणारा निदान स्वतः भोगतो. पण शाळा, ग्रामपंचायत, सरकारी कार्यालय यांची खरेदी आपल्या पैशातून होते. जेम पोर्टलवर मशीनमध्ये किती मेमरी हवी हे खरेदी करणाऱ्यानंच ठरवायचं असतं. तिथं सर्वात स्वस्त आकडा निवडून "इतके संगणक दिले" म्हणून फोटो काढणं सोपं आहे. माझं म्हणणं एवढंच की खरेदीच्या कागदावर तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या जाव्यात: कार्यालयीन कामासाठी किमान ८ जीबी आणि परवडत असेल तर १६, मेमरी वाढवायला एक स्लॉट मोकळा, आणि रॅम बोर्डला कायमची चिकटवलेली नको. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर 'स्लॉट्स युज्ड' लिहिलेलं असतं. माल ताब्यात घेताना अर्ध्या मिनिटात तपासता येतं. दहा मशीन कमी ताकदीची घेऊन तीन वर्षांत अडगळीत टाकण्यापेक्षा सात धड घेतलेली बरी.

घरच्यासाठी घेताना तुम्हीही हेच विचारा, आणि बिलावर रॅमचा आकडा आणि प्रकार लिहून घ्या. डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ बसत नाही. पुढं पट्टी शोधायची वेळ आली की हेच बिल कामाला येईल.

आणि तुमच्या गावच्या शाळेत किंवा पंचायतीत नवे संगणक आले असतील तर माहितीच्या अधिकारात खरेदी आदेशाची प्रत मागा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. त्यात रॅमसमोर कोणता आकडा लिहिलाय ते खाली कमेंटमध्ये टाका. बघू तरी, आपल्या तालुक्यात 'किमान' किती ठिकाणी भरलंय ते.