मार्चची नोंद

फाल्गुन गोदाकाठी उतरतो, पिंपळाला तांबूस पालवी फुटते आणि त्याच सुमारास 2 मार्च येतो. 1930 मध्ये या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून सुमारे 15 हजारांची शिस्तबद्ध मिरवणूक नाशिकच्या पंचवटीतल्या काळाराम मंदिरापाशी गेली, तेव्हा दारे बंद होती. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांपुढे सत्याग्रहींच्या तुकड्या बसू लागल्या. त्यांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांनी हा लढा पुढे काही वर्षे तगवून धरला. रामनवमीचा रथ स्पृश्य आणि अस्पृश्य अशा दोन्ही बाजूंनी मिळून ओढायचे ठरले होते. तो शब्द मोडला गेला आणि दगड सत्याग्रहींवर पडले.

हे आज आपल्याला इतक्या तपशिलाने ठाऊक आहे, ते कुणीतरी त्या त्या वेळी लिहून ठेवले म्हणून. त्यातले बरेचसे मात्र पोलिसांच्या गोपनीय अहवालांतून आले. बंदोबस्ताची चिंता करणाऱ्या लेखणीला गर्दी दिसते, गर्दीच्या मनातला अपमान दिसत नाही. तो समजून घ्यायला बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिलेली पत्रेच उघडावी लागतात.

आता जगभरातील मोर्चे, दंगली, गोळीबार यांची तारीख, ठिकाण, सहभागी गट आणि मृत्यू यांसह नोंद ठेवणारे ‘ॲक्लेड’सारखे प्रकल्प आहेत. आफ्रिकेतील संघर्षांपासून सुरू झालेल्या या कामाचे मोल मोठे आहे. कारण दगड कुणी मारला आणि कुणाला लागला, हे वेगळे लिहिल्याशिवाय हल्ला आणि चकमक यांतला भेद उरत नाही. पण अशा नोंदीही बव्हंशी बातम्यांवरच उभ्या राहतात. 6 मार्च 2018 रोजी आपल्या शहरातून निघालेला किसान मोर्चा सहा दिवसांत सुमारे 180 किलोमीटर चालून मुंबईत पोहोचला. दहावीच्या मुलांची परीक्षा अडू नये म्हणून रक्ताळलेल्या पायांनी शेवटची रात्रही चालला. तो देशाने पाहिला. सुरगाण्यात, पेठला वनपट्ट्यासाठी तहसीलपुढे दिवसभर बसून, निवेदन देऊन मुकाट परतणाऱ्यांची बातमी मात्र क्वचितच शहरापर्यंत येते. शांतपणे मागणाऱ्याची जागा कोरी राहते, काच फुटली की रकाना भरतो. असा हिशेब वाचून धोरण आखणाऱ्याला आपले आदिवासी तालुके समाधानी वाटले, तर नवल नाही.

ही उणीव भरून काढण्याचे काम आपले, नाशिककरांचे आहे. तालुक्याच्या वार्ताहराने धरण्याच्या चार ओळी मागण्यांसह द्याव्यात, वाचनालयांनी निवेदनांच्या प्रती जपाव्यात. काळारामच्या दारी बसलेल्यांच्या घरांत आजोबा-पणजोबांच्या आठवणी अजून सांगितल्या जातात; त्या सांगणाऱ्यांच्या नावानिशी, त्यांच्याच बोलीत, या मार्चपासूनच उतरवून घ्यायला हव्यात.