परतफेडीची नोटीस व शेतकऱ्याचा हिशेब

सरकारी खजिन्यातून शेतकऱ्याच्या खात्यात आपण होऊन आलेला पैसा काही वर्षांनी परत मागितला जातो, तेव्हा त्या मागणीकडे शेतकऱ्याने कोणत्या दृष्टीने पाहावे, आणि सरकारने ती कोणत्या रीतीने करावी, या प्रश्नाचा विचार आज आम्ही योजिला आहे. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीच्या वसुलीच्या नोटिसा सन २०२० पासून महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत येऊन पोचल्या, आणि तेव्हापासून या प्रश्नाची दोन उत्तरे गावोगाव ऐकू येतात. ‘एकदा दिलेले परत मागण्याचा सरकारला हक्कच काय?’ असे एक पक्ष म्हणतो. ‘तहसीलचा कागद आला, आता मुकाट्याने भरल्यावाचून गत्यंतर नाही,’ असे दुसरा पक्ष म्हणतो. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

प्रथम योजनेचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. ही योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली व तिचा लाभ १ डिसेंबर २०१८ पासून धरण्यात आला. वर्षास ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी २,००० रुपयांचा हप्ता, असा तिचा क्रम ठरला. आरंभी दोन हेक्टरपर्यंतच्या खातेदारांपुरती असलेली ही योजना जून २०१९ पासून सर्व खातेदारांस लागू झाली. पती, पत्नी व अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले जाते, व एका कुटुंबास एकच लाभ मिळतो. १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असली पाहिजे. पुढे वारसाहक्काने आलेली जमीन तेवढी यास अपवाद आहे. मागील कर-निर्धारण वर्षात प्राप्तिकर भरलेले लोक, चतुर्थ श्रेणी वगळून इतर आजी-माजी सरकारी नोकर, दरमहा १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे, आणि धंदा चालविणारे डॉक्टर, वकील, अभियंते इत्यादी मंडळी यांतून वगळली आहेत.

आता पैसे वाटले कसे गेले ते पाहू. शेतकऱ्याने आपण पात्र असल्याचे स्वतः लिहून द्यावे, राज्याच्या यंत्रणेने नावे तपासून यादी करावी, आणि केंद्राने रक्कम थेट खात्यात पाठवावी, अशी रीत होती. वाटपाची घाई फार व तपासणी थोडी, असे घडल्यामुळे पैसा अगोदर गेला आणि पडताळणी मागाहून झाली. पुढे आधार क्रमांकावरून प्राप्तिकराच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा अपात्रांची संख्या उघडकीस आली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितलेला आकडा ४२ लाखांहून अधिक अपात्र लाभार्थ्यांचा, व वसूल करावयाच्या रकमेचा आकडा सुमारे २,९९२ कोटी रुपयांचा होता. त्यांत महाराष्ट्रातील लाभार्थी सुमारे साडेचार लाख होते, व त्यांच्याकडून येणे असलेली रक्कम सुमारे ३५८ कोटी रुपये होती.

एवढ्या मोठ्या संख्येत सर्व मनुष्ये एकाच मापाची असणे शक्य नाही. ज्यांनी नियम ठाऊक असूनही खोटे लिहून दिले, त्यांच्याविषयी आम्हांस एक शब्दही बोलावयाचा नाही. भरपूर निवृत्तिवेतन घेणारा गृहस्थ किंवा शहरात दवाखाना चालविणारा डॉक्टर गावच्या सातबाऱ्याच्या आधारावर हप्ता घेतो, तेव्हा तो आपल्याच कोरडवाहू शेजाऱ्याच्या वाट्याचे घेत असतो. अशा मनुष्याने नोटिशीची वाट न पाहता पैसे परत करावेत, हाच धर्म होय. चुकून दिलेला पैसा घेणाराने परत केला पाहिजे, असे १८७२ च्या करार कायद्याचे ७२ वे कलमही सांगते. तेव्हा ‘दिले ते दिले’ हा पहिला पक्ष नीतीच्याही कसास उतरत नाही व कायद्याच्याही नाही. फार दिवस झाले म्हणून मागणी आपोआप बुडेल, ही आशाही कोणी बाळगू नये. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे सरकारच्या दाव्यास ३० वर्षांची मुदत आहे.

परंतु अपात्रांच्या यादीत नाव आले म्हणजे मनुष्य अपात्र ठरलाच, हे म्हणणे मात्र आम्हांस मान्य नाही. नियमाचे शब्द ‘प्राप्तिकर भरलेले’ असे आहेत. बँकेकडून ट्रॅक्टरचे किंवा घराचे कर्ज मिळावे म्हणून पुष्कळ शेतकरी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरतात, आणि त्यांत देय कर शून्य असतो. विवरणपत्र भरणे व कर भरणे या दोन गोष्टी एक नव्हेत. तसेच, ‘मागील कर-निर्धारण वर्षात’ हे शब्दही निरर्थक नाहीत. एखाद्याने एका साली जोडधंद्याच्या मिळकतीवर कर भरला असेल, तर त्या सालाशी संबंधित हप्ते परत मागणे समजू शकते. पण ज्या सालांत त्याने कर भरलाच नाही, त्या सालांचेही हप्ते एकाच फटक्यात मागणे नियमाच्या शब्दांत बसत नाही, असे आमचे मत आहे. चतुर्थ श्रेणीतील नोकरासही, तो सरकारी नोकर आहे एवढ्याच कारणावरून, अपात्र ठरविता येत नाही. असे भेद यंत्राच्या यादीस कळत नाहीत. ते माणसाने कागद पाहूनच ठरवावे लागतात.

येथे आम्हांस याच प्रांतातील एका जुन्या कायद्याची आठवण करून द्यावीशी वाटते. सन १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध दंगे उसळले, आणि त्यानंतर १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. सावकाराने खताचा कागद पुढे केला म्हणजे आकडा खरा मानू नये, व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासून खरे देणे किती ते कोर्टाने ठरवावे, असे त्या कायद्याने सांगितले. शेतकऱ्यास पावती, सालोसालचा लेखी हिशेब व पासबुक मागण्याचा हक्कही त्याने दिला. जो न्याय सरकारने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सावकारास लावला, तो आज स्वतःस लावून घेण्यास त्याची हरकत नसावी. नोटिशीत नुसता आकडा घालून भागणार नाही. कोणता हप्ता, कोणत्या तारखेस, कोणत्या खात्यात जमा झाला, आणि नियमाच्या कोणत्या अटीने तो अपात्र ठरला, हे त्यांत लिहिलेले असलेच पाहिजे.

हिशेब तपासल्यावाचून वसुली करण्याचा परिणाम परदेशात काय झाला, तेही पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियात गरजूंना सरकारी भत्ते मिळतात. तेथे सरकारने लोकांच्या वार्षिक मिळकतीची दर पंधरवड्याची सरासरी काढून, त्या सरासरीवरून ‘तुम्ही भत्ता अधिक घेतला’ अशा मागण्या यंत्राकरवी पाठविल्या, आणि ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचा भार लोकांवर टाकला. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथील फेडरल कोर्टात ही रीत बेकायदेशीर ठरली. पुढे सरकारला गोळा केलेले कोट्यवधी डॉलर परत करावे लागले, व २०२३ मध्ये चौकशी आयोगाने त्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. प्रथम वसुली व मागाहून हिशेब, हा क्रम सरकारसही स्वस्त पडत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १८ डिसेंबर २०१४ रोजी, पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात, सरकारी नोकरांस चुकून अधिक दिलेल्या पगाराच्या वसुलीस काही मर्यादा घालून दिल्या. कनिष्ठ श्रेणीतील नोकर, निवृत्त झालेले लोक, आणि पाच वर्षांहून अधिक काळ चालू राहिलेले जादा वेतन, अशा प्रसंगी वसुली करू नये, असे तो निवाडा सांगतो. हा निवाडा नोकरांच्या पगारापुरता आहे. तो शेतकऱ्यांस जसाच्या तसा लागू पडतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु चूक देणाऱ्याची असेल व घेणारा निष्कपट असेल, तर वसुली करताना त्याच्या स्थितीचा विचार व्हावा, हे त्यातील तत्त्व शेतकऱ्यास नाकारण्याचे कारण दिसत नाही. तगाई घेणारास ती फेडावयाची आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. सन्मान निधीचे तसे नाही. तो बियाण्यात, खतात व मुलांच्या फीमध्ये केव्हाच खर्च होऊन गेला.

म्हणून सरकारकडे आमचे मागणे एवढेच आहे. नोटिशीबरोबर हप्त्यांचा तपशील व अपात्रतेचे कारण द्यावे. म्हणणे मांडण्यास निदान ३० दिवसांचा अवधी द्यावा, व त्यावर सकारण लेखी निर्णय द्यावा. तो होईपर्यंत सक्तीची वसुली करू नये. ज्याने लबाडी केली नाही, त्यास सुगीच्या हंगामास धरून हप्ते पाडून द्यावेत. या मागण्यांत कोणतीही सवलत मागितलेली नाही. यांत केवळ न्याय आहे.

आमच्या शेतकरी बंधूंसही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. नोटीस घेण्याचे टाळू नये व ती फाडूनही टाकू नये; ती कोणत्या तारखेस मिळाली ते तिच्यावर लिहून ठेवावे. बँकेचे पासबुक भरून घेऊन आलेल्या हप्त्यांची यादी करावी, व ती नोटिशीतील आकड्याशी ताडून पाहावी. कर भरला नसेल तर त्या सालांची विवरणपत्रे, नोकरी चतुर्थ श्रेणीची असेल तर तसा दाखला, जमीन वारसाने आली असेल तर फेरफाराचा उतारा, असे कागद जोडून तहसीलदारांकडे लेखी उत्तर द्यावे व पोच घ्यावी. तपशील मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने तो मागावा. देणे खरे ठरल्यास तहसील कचेरीमार्फत किंवा योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावरच रक्कम भरावी, आणि पावती जपून ठेवावी. मोबाइलवर आलेल्या अनोळखी संदेशावर विसंबून एक पैसाही पाठवू नये. वसुलीच्या धास्तीचा फायदा घेणारे भामटे थोडे नाहीत. महाराष्ट्र शासनाचा २०२३ पासूनचा नमो शेतकरी महासन्मान निधीही याच पात्रतेवर अवलंबून असल्याने, गप्प बसणाराचे नुकसान दुहेरी होण्याचा संभव आहे.

ज्यांस लिहिता-वाचता येते, त्यांनी आपल्या भाऊबंदांतील व शेजारपाजारच्या एकट्यादुकट्या, विशेषतः विधवा भगिनींच्या, नोटिसा वाचून त्यांची उत्तरे लिहून द्यावीत. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीच्या चिटणिसांनी याकरिता आठवड्यातील एक दिवस राखून ठेवल्यास फार मोठे काम होईल. खरे देणे असेल ते आम्ही फेडू, परंतु हिशेब पाहिल्यावाचून फेडणार नाही, असे प्रत्येक खातेदाराने नम्रपणे पण ठामपणे सांगावे. असे सांगणारा शेतकरी सरकारचा विरोधक नव्हे. सार्वजनिक पैशाचा तोच खरा राखणदार होय.