तापलेले इंजिन, शांत डोके

वैशाखातील दुपार. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीची पोती भरून निघालेला डिझेल टेम्पो वाटेत चहापुरता थांबतो. पंधरा मिनिटांनी चालक किल्ली फिरवतो. सेल्फ फिरतो, पण इंजिन काही सुरू होत नाही. अर्ध्या तासाने तेच वाहन सहज सुरू होते, आणि सकाळी तर त्याची कधीच तक्रार नसते. माल उशिरा पोहोचतो, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाचा नेम चुकतो आणि बोलणी खातो तो चालक. पुढे बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ, मग पंप. खर्च वाढत जातो. दोष तिथेच राहतो.

या दोषाचे मूळ उष्णतेत आहे. इंजिन बंद होताच त्यातील पाण्याचे अभिसरण थांबते आणि साठलेली उष्णता भोवतालच्या भागांत पसरते. त्यामुळे बंद केल्यानंतरची काही मिनिटे बॉनेटखालचे अनेक भाग चालत्या वाहनातल्यापेक्षाही अधिक तापतात. दुबळा झालेला भाग नेमका तेव्हाच दगा देतो.

म्हणून पहिला प्रश्न असा : सेल्फ इंजिनाला जोमाने फिरवतो की रडत-रडत? फिरणे मंद असेल तर बॅटरी, तिची टोके, अर्थिंगची तार आणि खुद्द सेल्फ तपासावा. फिरणे जोमदार असूनही इंजिन पेटत नसेल, तर शोध इंधनाकडे किंवा सेन्सरकडे वळवावा.

कॉमन रेल पद्धतीच्या डिझेल वाहनात गरम डिझेल पातळ होते. झिजलेल्या इंजेक्टरमधून ते अधिक प्रमाणात टाकीकडे परतते आणि सुरू होण्यास लागणारा दाब तयारच होत नाही. प्रत्येक इंजेक्टरमधून परतणारे डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत मोजले, की ज्या बाटलीत ते फार जास्त साठते तो इंजेक्टर संशयित ठरतो. हे काम मात्र जाणकार मेकॅनिकचेच. चालू इंजिनातील या नळ्यांतला दाब इतका प्रचंड असतो, की उडालेली धार कातडी भेदून आत शिरते.

घरच्या पेट्रोल गाडीत किल्ली ‘ऑन’ करून दोन-तीन सेकंद थांबावे, बंद करावी, असे तीनदा करून मग सेल्फ मारावा. गाडी लगेच सुरू झाली, तर बंद अवस्थेत इंधनाचा दाब उतरत असल्याचा संशय घ्यावा. उलट पेट्रोलचा वास येत असेल, तर इंजेक्टर गळत असेल किंवा तापमानाचा सेन्सर इंजिन थंड असल्याची खोटी वर्दी देत असेल. थंड होईपर्यंत गाडी अजिबात दाद देत नसेल, तर क्रँकशाफ्टचा सेन्सर तपासून घ्यावा.

काही पथ्येही पाळावीत. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. पुन्हा सुरू होणार नाही या धास्तीने मंदिराबाहेर किंवा दुकानापुढे इंजिन चालूच ठेवण्याची सवय तर सर्वांत वाईट. त्यात इंधन वाया जाते, धूर इतरांच्या नाकात जातो आणि आत एकटे बसलेले मूल नकळत गिअरला हात लावू शकते.

वाहन गॅरेजमध्ये रात्रभर ठेवले तर सकाळी ते विनातक्रार सुरू होते आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही. ते तापलेलेच न्यावे आणि सोबत टिपण द्यावे : किती अंतर चालले, किती मिनिटे थांबले, सेल्फ कसा फिरला, धूर वा वास आला का, कितव्या प्रयत्नात सुरू झाले. या प्रश्नांची उत्तरे मालकाकडे क्वचितच असतात. ती चालकाकडे असतात. कारण न शोधता ठपका ठेवणे हा व्यवहारही नव्हे आणि धर्मही नव्हे. चालकाला रागावण्यापूर्वी शेजारी बसवून विचारावे. पुष्कळदा दोषाचा निम्मा शोध तिथेच लागतो.