‘स्ट्राइक’ म्हणजे प्रहार नव्हे

इंग्रजीतील ‘स्ट्राइक’ हा शब्द गिरणगावांतून आपल्याकडे केव्हाच रुळला. मालकवर्ग आणि त्याची वृत्तपत्रे मात्र त्याचा ‘प्रहार’ हा एकच अर्थ ध्यानी घेतात आणि संप म्हणजे उत्पादनावर घातलेला घाव, असा प्रचार करतात. शब्दाचा इतिहास निराळा आहे. १७६८ साली इंग्लंडच्या खलाशांनी आपली गाऱ्हाणी मांडून जहाजांच्या शिडांच्या आडव्या काठ्या खाली उतरवल्या आणि जहाजे बंदरातच रोखून धरली. या उतरवण्यालाही इंग्रजीत ‘स्ट्राइक’च म्हणतात. त्यात मारणे नव्हते. होता तो केवळ नकार. आपल्या ‘संप’ शब्दाचा मूळ अर्थ तर एकजूट. गुजरातीत तो आजही एकोप्याच्याच अर्थाने वापरतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने नेमका हाच नकार जखडला आहे. उद्योगातील ५० टक्के वा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तोही आता संप! १९४७ च्या कायद्यात नोटिशीची सक्ती सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरती होती. आता ती प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला लागू आहे. नोटीस दिल्यावर १४ दिवस संप नाही. त्या मुदतीत समेटाची पहिली बैठक झाली की समेट चालू असेतो आणि पुढे सात दिवस संप बेकायदा. बेकायदा संपाबद्दल कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

टाळेबंदीलाही हीच बंधने आहेत, असा बचाव केला जातो. ही समता कागदी आहे. चादरी व टॉवेल गोदामात साठवता येतात, श्रम साठवता येत नाहीत. चौदा दिवसांत मालक माल भरून ठेवील. मागावर नगावर मजुरी घेणारा कामगार काय साठवणार? शिवाय कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी जुन्या केंद्रीय कायद्यात १०० कामगारांपासून लागे. ती मर्यादा आता ३०० वर नेली आहे. म्हणजे मालकाचा नकार मोकळा झाला आणि कामगाराचा बांधला गेला. ज्याला नकाराचा अधिकार नाही, त्याच्या कराराला ‘स्वेच्छेचा करार’ म्हणणे हे अर्थशास्त्र नव्हे, वेठबिगारीचे समर्थन आहे.

मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूरच्या गिरणी कामगारांनी काम बंद केले. पुढे शहरावर मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. त्यांच्या शहरातील साथींनी ही कलमे यंत्रमागाच्या खात्याखात्यांत व विडी कामगार भगिनींच्या वस्त्यांत मराठीत, तेलुगूत, कन्नडात वाचून दाखवावीत आणि संहिता रद्द करण्याच्या मागणीमागे खरा संप, म्हणजे एकजूट, उभी करावी.

— सात रस्ता, सोलापूर