उलट उत्तर

परवा लेकीच्या शाळेत 'बॅक टू स्कूल नाइट' होती. इथे न्यू जर्सीत सप्टेंबरात शाळा सुरू झाली की एका संध्याकाळी पालकांना बोलावतात, मुलांचं वेळापत्रक हातात देतात आणि मुलांसारखंच वर्गावर्गातून फिरवतात. प्रत्येक तास दहा मिनिटांचा. घंटा झाली की पळा पुढच्या वर्गात!

लेक यंदा सातवीत. गणिताच्या वर्गात आम्ही सगळे देशी आईबाप पुढच्या बाकांवर, वह्या काढून. पुढचा तास 'लँग्वेज आर्ट्स'चा, तिथे निम्म्यांचे फोन बाहेर आले. मीही त्यातलाच. म्हटलं, इंग्रजीच तर आहे, येतंय की तिला.

बाईंनी अभ्यासक्रम वाचून दाखवलाच नाही. प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलाची अलीकडची एक मागणी आठवा, तुम्हाला न पटलेली. तिच्यामागची कारणं तीन वाक्यांत लिहा. तुमची नकोत, त्याची."

मागणी लगेच आठवली. लेकीला रविवारची मराठी शाळा सोडायची होती. पण कारणं? "बाबा, मला ना..." एवढंच ऐकून मी म्हणालो होतो, "उलट उत्तर देऊ नकोस." विषय संपला. दिवसभर डिझाइन डॉक्युमेंटं लिहिणारा मी, माझा कागद कोराच राहिला.

मग बाईंनी सांगितलं की या विषयात वाचन, लेखन, बोलणं आणि ऐकणं असं सगळंच येतं. २०१० साली आलेल्या कॉमन कोअरच्या निकषांत सहावीच्या मुलाने आपलं म्हणणं कारणं आणि पुरावे देऊन मांडावं अशी अपेक्षा आहे. सातवीत एक पायरी वर: विरुद्ध बाजूचीही दखल घ्यायची. म्हणजे ज्याला मी घरी उलट उत्तर म्हणतो, त्याचे इथे मार्क मिळतात :)

आमच्या मराठीच्या पेपरात 'कोण कोणास म्हणाले' असायचं. म्हणणाऱ्याचं बरोबर होतं का, हे कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. तसं हे आपल्याला नवीन नाही. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडायचा आणि मग त्याला उत्तर द्यायचं, अशी पद्धतच होती. आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. टिळकांशी पटेना, तेव्हा त्यांनी १८८८ साली 'सुधारक' काढलं आणि आपलं म्हणणं मांडत राहिले. हे सगळं मराठीतच झालं ना?

आणि आपल्या घरातलं मराठी आज काय करतं? "आवर." "जेवायला ये." "किती वेळ तो फोन!" मुलाला कारणं द्यायची असतील, तर ते इंग्रजीत शिरतं. मग त्याच्या डोक्यात पक्कं बसतं की मराठी ऐकून घ्यायची भाषा आणि इंग्रजी विचार करायची. मग 'पोरं मराठी बोलत नाहीत हो' म्हणून आपणच गळा काढतो. एडिसनमध्ये असो वा कोथरूडमध्ये, इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोरांच्या घरी हेच चित्र दिसतं.

कुणी म्हणेल, मग काय रोज घरात कोर्ट भरवायचं? नाही हो. औषध घ्यायचं की नाही, सीटबेल्ट लावायचा की नाही, यावर चर्चा नाही. बाकीच्या गोष्टींतही शेवटचा शब्द आईबापाचाच राहू दे. पण आधीचे शब्द तर त्याचे ऐकू. ऐकून घेतलं म्हणजे मान्य केलं, असं थोडंच आहे?

घरी आल्यावर लेकीला म्हटलं, "मराठी शाळा का सोडायची ते सांग. मी मधे बोलणार नाही. अट एकच, मराठीत सांगायचं." ती बराच वेळ अडखळली. मग म्हणाली, "तिथे आम्ही फक्त वर्कशीट भरतो. कोणीच कोणाशी बोलत नाही. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा मी तिला फोनवर सगळं विचारलं. ते मला शाळेत नव्हतं शिकवलं."

दावा, कारण, पुरावा. तिन्ही हजर! मला झटकन उत्तर सुचेना.

तूर्त दिवाळीपर्यंत शाळा चालू ठेवायची आणि मग पुन्हा बोलायचं, असं ठरलंय. मी माझ्या बाजूचे पुरावे शोधतोय, पण खरं सांगायचं तर पारडं तिचंच जड आहे.

असो. या वीकांताला तुम्हीही एक कागद घ्या. तुमच्या पोराची बाजू, तीन वाक्यांत. जमतंय का बघा.