वाटणी आधी कागदावर!

आपल्या हॉस्टेलमध्ये लिनक्स टाकण्याची एक ठरलेली पद्धत आहे. विंगमधल्या एखाद्या 'एक्सपर्ट' ताईला किंवा दादाला बोलवायचं, त्यांच्यासाठी मॅगी करायची, आणि ते आपल्या लॅपटॉपवर धडाधड 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत असताना आपण बाजूला बसून मोबाईल बघायचा. माझं स्पष्ट मत आहे की ही पद्धत बंद व्हायला हवी. निदान डिस्कच्या पार्टिशनपुरती तरी!

हा विषय आत्ताच काढायचं कारण म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. दादा-ताईंकडून वारसाहक्काने आलेले आपले कितीतरी लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे ज्यांनी कधी लिनक्सचं नाव काढलं नव्हतं, तेही आता पेन ड्राइव्ह घेऊन फिरताना दिसतात.

इन्स्टॉलर साधारण तीन पर्याय देतो. अख्खी डिस्क पुसा, विंडोजच्या शेजारी टाका, किंवा पार्टिशन स्वतः करा. दुसरा पर्याय प्रत्येक वेळी दिसतोच असं नाही आणि तिसऱ्याची सगळ्यांना भीती वाटते. मग घाईत पहिला दाबला जातो. गेल्या सेमिस्टरला आमच्या शेजारच्या खोलीत हेच झालं. झकास लिनक्स आलं आणि डी ड्राइव्हमधला मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट आणि आजोबांचे शेवटचे फोटो गेले. रिपोर्ट तिने रात्री जागून पुन्हा लिहिला. फोटो पुन्हा कुठून काढणार? यात एक्सपर्ट ताईला शिव्या घालून उपयोग नाही. कुठल्या ड्राइव्हमध्ये काय आहे हे फक्त लॅपटॉपच्या मालकाला माहीत असतं, आणि मालक तेव्हा मोबाईल बघत होता.

खरं तर मराठी माणसाला पार्टिशन शिकवायची गरजच पडू नये! मी कॉन्व्हेंटवाली, पण गावाला काकांच्या घरी सातबारा, वाटणी, बांध हे शब्द ऐकतच मोठी झाले. डिस्क म्हणजे शेत, आणि पार्टिशन टेबल म्हणजे तिचा सातबारा. जुन्या एमबीआर पद्धतीत या सातबाऱ्याला जागा फक्त ६४ बाइट्सची, म्हणजे प्रत्येकी १६ बाइट्सच्या चार नोंदी. नव्या जीपीटी पद्धतीत साधारणपणे १२८ नोंदी मावतात आणि टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. एवढं कळलं तरी अर्धे एरर समजतात.

उदाहरणार्थ, जुन्या लॅपटॉपवर ५० जीबी रिकामी दिसते, पण इन्स्टॉलर तिला 'अनयूजेबल' म्हणतो. डिस्क खराब नाही हो! कंपनीनेच चारही प्रायमरी पार्टिशन वापरून टाकलेली असतात, पाचव्याची नोंद करायला ओळच शिल्लक नाही. एक पार्टिशन मोकळं करून तिथे एक्स्टेंडेड केलं की प्रश्न सुटतो.

डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये आरएसटी किंवा व्हीएमडी चालू आहे का ते बघा. पण एकदम बदलू नका. विंडोजला आधी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून मग बदला, नाहीतर निळा स्क्रीन ठरलेला.

विंडोजचं पार्टिशन लिनक्समधून फक्त वाचता येत असेल, तर बहुधा फास्ट स्टार्टअप चालू आहे. म्हणजे विंडोज पूर्ण बंद झालेलंच नाही, ते डुलकी घेतंय. बिटलॉकर चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी दुसरीकडे लिहून ठेवा. लॅपटॉपमध्ये ठेवलेली की म्हणजे कुलपाच्या आत राहिलेली किल्ली!

'रूट फाइल सिस्टिम ठरवलेली नाही' असा मेसेज आला तर घाबरू नका. पार्टिशन केलंत, पण त्यात राहणार कोण ते सांगितलं नाहीत. माउंट पॉइंटमध्ये नुसती तिरकी रेघ निवडा. ईएफआय पार्टिशन मागितलं तर विंडोजचं आहे तेच वापरा, फक्त त्याच्यासमोरच्या 'फॉरमॅट'वर टिक करू नका. त्यात विंडोजचा बूटलोडर राहतो.

यात रॉकेट सायन्स काहीच नाही. इन्स्टॉलर आपल्याला अडवत नाही, सावध करतो. मेसेज न वाचता 'ओके' दाबायची सवय आपल्याला लागली आहे आणि पुढे नोकरीत सर्व्हरसमोर बसल्यावरही ती आपल्याबरोबर येणार आहे.

काही सर म्हणतात, एवढी कटकट कशाला, व्हर्च्युअल मशीन वापरा. सर, सरावासाठी तीच उत्तम जागा आहे, तिथे दहा वेळा डिस्क पुसा. पण चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर दोन संसार एकदम चालत नाहीत. तिथे लिनक्स खऱ्या डिस्कवरच जाणार.

म्हणून माझी सूचना साधी आहे. इन्स्टॉलच्या आधी वहीत डिस्कची एक आडवी पट्टी काढा. कुठलं पार्टिशन किती जीबीचं, कुणाचं, राहणार की जाणार, ते लिहा. रूटला ४० ते ५० जीबी द्या, होम वेगळं ठेवा. म्हणजे उद्या लिनक्स पुन्हा टाकलं तरी होमला फॉरमॅटची टिक न करता तुमच्या फाइल्स जागच्या जागी राहतील. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या, त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर नाही. आणि चुकीचं पार्टिशन उडालंच तर लगेच थांबा, त्यावर नवीन काही लिहू नका. सातबारा फाटला म्हणून जमीन वाहून जात नाही. टेस्टडिस्कसारखं फुकट सॉफ्टवेअर बऱ्याचदा हरवलेली हद्द शोधून देतं.

प्रथम वर्षाच्या लॅबमध्ये यासाठी एक प्रॅक्टिकल ठेवायला काय हरकत आहे? दोन तास पुरतील. एक्सपर्ट मंडळींना जरूर बोलवा, मॅगीही करा. पण माउस आपल्या हातात ठेवा आणि त्यांना म्हणा, "तू फक्त बघ, चुकलं तर सांग."